सव्वा इंची पाईप

आज सकाळी आण्णा एकटे बाथरूमला गेले. वॉकर दाराबाहेर ठेवला, भिंतीला धरून आत गेले, दार नुसतं लोटून घेतलं (कडी लावायची नाही असं ठरलंय आमचं) आणि सात-आठ मिनिटांनी आपले आपण बाहेर आले. तेवढा वेळ मी स्वयंपाकघरात गॅस बारीक करून नुसती कान लावून उभी होते, आई देवापुढं बसली होती पण जप करत नव्हती, ती पण ऐकतच होती. बाहेर आल्यावर आण्णा वॉकर धरून दोन मिनिटं थांबले, श्वास घेतला आणि म्हणाले, "दूध उतू चाललंय बघ."

एवढंच. पण मागचे तेवीस दिवस आमच्या घरात ज्या एका गोष्टीची वाट बघणं चाललं होतं ती ही होती, म्हणून आज लिहायला बसले. बरेच दिवस लिहायचं होतं, पण हात धजत नव्हता.

झालं असं, की जुलैमधल्या त्या सोमवारी पहाटे पाचला आण्णा बाथरूममध्ये पडले. वय ७६. साबणाचं पाणी फरशीवर राहिलेलं, पाय घसरला, आणि पडताना त्यांनी टॉवेलचा रॉड धरला. टॉवेलचा रॉड म्हणजे काय, दोन स्क्रू आणि भिंतीत दोन प्लास्टिकचे गट्टू, तो अख्खा रॉड त्यांच्या हातात निघून आला. मी गेले तेव्हा ते कुशीवर पडलेले होते आणि रॉड हातात तसाच घट्ट धरलेला. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला आणि डाव्यापेक्षा आखूड दिसायला लागलेला. मला त्यातलं काही कळत नाही पण बघून पोटात गोळा आला. १०८ ला फोन केला, गल्लीतल्या पोरांनी चादरीत उचलून बाहेर आणलं. एक्स-रे काढल्यावर डॉक्टर म्हणाले खुब्याच्या हाडाची मान मोडलीय, ह्या वयात ती जुळत नाही, वरचा गोळा काढून धातूचा बसवायचा, आणि जितकं लवकर करू तितकं बरं, कारण म्हातारं माणूस अंथरुणात पडून राहिलं की मग छातीत कफ होतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गाठी होतात. हाडापेक्षा ते पडून राहणंच जास्त वाईट, असं त्यांनी मला तिथंच उभ्या उभ्या समजावून सांगितलं. चांगले डॉक्टर होते.

पण शुगर वाढलेली म्हणून मंगळवारचं ऑपरेशन बुधवारवर गेलं. पॉलिसीचं अ‍ॅप्रूव्हल येईना, म्हणून डिपॉझिट भरायला मी एफडी मोडली. आणि वरनं पाऊस. कोल्हापूरचा जुलैतला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, मंगळवारपासून प्रत्येकाच्या मोबाईलवर एकच चालू, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की इथं पंचगंगा चढणार हे इथल्या लहान पोराला पण पाठ असतं. आमचं घर मंगळवार पेठेत, नदीपासून लांब, आम्हाला पाण्याची भीती नाही, पण माणसं अडकली. आक्का मलकापूरला दिलेली, केर्लीजवळ रस्त्यावर पाणी आलं आणि ती तिकडंच राहिली. आमचे हे नोकरीला कणकवलीला, गगनबावड्याच्या रस्त्यावर मांडुकलीजवळ पाणी, ते शेवटी फोंडा घाटानं फिरून शनिवारी पोचले. म्हणजे सोमवार ते शनिवार मी, आणि गुडघ्यानं अधू झालेली आई. त्यात नदीचं पाणी वाढलं की उपसा केंद्रं पाण्याखाली जातात आणि अख्ख्या शहराच्या नळाला पाणी नसतं. बाहेर धो धो पाऊस आणि घरात घागरी मोकळ्या, हे दरवेळी मला नव्यानं विचित्र वाटतं.

ऑपरेशन नीट झालं. पण आण्णा बोलेनात.

हे मला सगळ्यात जड गेलं. आमचे आण्णा ३८ वर्षं उद्यमनगरात (इथली कारखान्यांची वसाहत) टर्नर होते. लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कापायच्या मशीनवर, उभं राहून काम. बोलका माणूस, मशीनच्या आवाजात बोलून बोलून आवाज मोठा झालेला, घरात पण शेजाऱ्याला ऐकू जाईल असं बोलणार. ते बुधवार-गुरुवार नुसते छताकडं बघत पडलेले. गुरुवारी सकाळी मी तोंड पुसत होते तर हळूच म्हणाले, "आता मला फार दिवस ठेवू नगा." मी काही बोलले नाही. बाहेर जिन्यात जाऊन उभी राहिले आणि मोबाईल बघितला तर सत्तावीस मेसेज, सगळ्यांचे तेच, काळजी घे, काही लागलं तर सांग. मी कुणाला नावं ठेवत नाही, मी पण दुसऱ्यांना हेच लिहीत आले. पण त्या जिन्यात उभं राहून मला खरंच कळेना की काय लागतंय ते मी कुणाला काय सांगू. माझं डोकंच चालत नव्हतं. डोक्यात एकच घोळत होतं, की रविवारी डिस्चार्ज म्हणतायत, आणि घरी ते बाथरूम आहे. जुनं घर, वाड्याच्या भिंती, भारतीय पद्धतीचं भांडं. आणि डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं, उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, नाहीतर बसवलेला गोळा निखळू शकतो. एका मिस्त्रीला फोन केला कमोड बसवायला, तो म्हणाला पाऊस उघडल्यावर बघू, फोडाफोडी धरून पाच-सहा दिवस लागतील.

आता माझ्या माणसांबद्दल सांगते. खरी नावं घालत नाही, त्यांना आवडणार नाही. आम्ही चौघं शाळेपासूनचे. पिंट्या, त्याचं उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे, गेट, ग्रिल, जिन्याचं रेलिंग असली कामं. मास्तरीण, ती खरंच मास्तरीण आहे. आणि पाटलीण, शेती बघते, म्हशी बघते, आणि आमच्या सगळ्यांची काळजी पण तीच बघते. आठवड्यातनं एकदा रंकाळ्यावर भेटायचं, नाही जमलं तर दोन आठवड्यांनी, एवढीच आमची मैत्री दिसायला.

पाटलीण सोमवारीच आली होती. आली ती थेट म्हणाली, "तू घरला जा, अंघोळ करून ये, मी बसतो हितं." (आमच्याकडच्या बायका येतो-जातो-बसतोच म्हणतात, बाहेरच्यांना नवल वाटतं.) मग रोज दुपारी तिचा डबा. आईला भाकरी, झुणका, आण्णांना नाचणीची आंबील, आणि ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवसापासून डॉक्टरांना विचारून मटणाचं अळणी. ते अळणी सुद्धा आण्णा दोन चमचे घ्यायचे आणि तोंड फिरवायचे.

गुरुवारी दुपारी फिजिओथेरपीवाली मुलगी आली. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी उभं करतात हे मला माहीत नव्हतं. तिनं आण्णांना पलंगाच्या कडेला बसवलं, उभं केलं, हात सरळ खाली सोडायला लावले आणि मनगटाची घडी जिथं येते तिथपर्यंत वॉकरची उंची वरखाली करून बटणं लावली. म्हणाली, ह्याच्यापेक्षा उंच झालं तर खांदे वर येतात, ठेंगणं झालं तर माणूस वाकतो आणि पुढं पडतो. मी आण्णांच्या तोंडाकडं बघत होते. पाटलीण बघत होती त्यांच्या मनगटाकडं. नंतर मला आठवलं की त्या वेळी ती खाली वाकून काहीतरी करत होती, मला वाटलं चप्पल शोधत असेल. तिनं ओढणीचं एक टोक फरशीला लावलं होतं आणि आण्णांच्या मनगटाच्या उंचीला ओढणीला गाठ मारली होती.

पिंट्या संध्याकाळी आला, ओला चिंब. खुर्चीत बसला नाही, खुर्ची भिजेल म्हणून. मला विचारलं, "कुठला पाय गं? उजवाच न्हवं?" म्हटलं हो. "बाथरूममधनं बाहेर येताना भिंत कुठल्या हाताला येत्या?" मी म्हटलं, असलं काय विचारतोस आत्ता. तर म्हणाला, "काय न्हाई, घराची किल्ली दे, आईंना डबा न्ह्यायचाय." आई तर घरातच होती, डबा द्यायला किल्ली कशाला, पण माझ्या ते लक्षात पण आलं नाही. पर्समधनं काढून दिली.

शुक्रवार-शनिवार कसे गेले आठवत नाही. शुक्रवारी नदीनं ४३ ओलांडली. आण्णा पाच पावलं चालले आणि नको म्हणाले. फोनवर आईचा आवाज मला जरा वेगळाच वाटत होता, मागं काहीतरी ठोकल्यासारखं ऐकू यायचं, विचारलं तर म्हणायची, शेजारी काम काढलंय.

रविवारी दुपारी डिस्चार्ज. अ‍ॅम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडापर्यंत आली, तिथनं खुर्चीत बसवून घरापर्यंत. घराच्या तीन दगडी पायऱ्या, आणि डावीकडं नवं कोरं स्टीलचं रेलिंग. मी आधी नीट बघितलंच नाही, कुणाचं घर असं वाटलं. मग आई दारात, मास्तरीण तिच्या मागं, आणि आत गेले तर पुढच्या खोलीतला आण्णांचा पलंग विटांवर चढवलेला, पाय लोंबकळणार नाहीत आणि उठताना वाकावं लागणार नाही एवढाच उंच. आणि बाथरूम.

बाथरूमचं जरा सविस्तर सांगते, कारण ते मी नंतर कितीतरी वेळा एकटी उभी राहून बघितलंय. भारतीय भांडं तसंच, फोडाफोडी काही नाही, त्याच्यावर एक स्टीलचं स्टँड, चार पाय, पायांना जाड रबरी बूट, वर कमोडची सीट, दोन्ही बाजूंनी हात टेकायला दांड्या. भिंतीवर दोन बार. एक आडवा, एक उभा. उभा दाराजवळ, आत शिरताना पहिला हात जातो तिथं. आडवा स्टँडच्या बाजूला, पाटलिणीच्या ओढणीवरच्या गाठीच्या उंचीला. टॉवेलचा रॉड होता तिथली दोन भोकं पांढऱ्या सिमेंटनं बुजवलेली. फरशीवर पट्टीपट्टीची रबरी मॅट.

आणि बार भिंतीत नुसते ठोकलेले नाहीत. आमच्या भिंती जुन्या, विटा आणि माती, त्यात कुठलाही फासनर (गट्टू-स्क्रू) धरत नाही, म्हणूनच तर तो रॉड निघून आला. पिंट्यानं भिंत आरपार भोकं पाडून लांब बोल्ट टाकलेत आणि पलीकडच्या बाजूला लोखंडी प्लेट लावून नट आवळलेत. पलीकडची बाजू म्हणजे स्वयंपाकघर. आता आमच्या पिठाच्या डब्याच्या मागं भिंतीला एक प्लेट आहे, चार नटांची. आईनं तिला हळदीकुंकू लावलंय.

आता खरं सांगायचंय ते.

आण्णांना खुर्चीतनं उतरवून वॉकर दिला. लघवीला जायचं म्हणाले. मी आणि पिंट्या दोन्ही बाजूला. दारापाशी आल्यावर पिंट्या म्हणाला, "आण्णा, वॉकर सोडा आता, ह्याला धरा." आण्णांनी उजवा हात वॉकरवरनं काढला, उभ्या बारला धरला. आणि थांबले. मला वाटलं दुखतंय. तर ते अंगठा फिरवत होते बारवर. वरनं खाली, खालनं वर. मग हात उचलून बोटाच्या टोकानं चाचपलं. आणि अख्ख्या आठवड्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज मला त्यांचा वाटला.

"नर्लिंग हाय व्हय रं ह्याला?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नर्लिंग म्हणजे लोखंडावर जी बारीक चौकड्या-चौकड्यांची खरखरीत जाळी काढलेली असते ती, स्क्रू गेजच्या किंवा जिममधल्या बारच्या मुठीवर असते तशी. हात सटकू नये म्हणून. लेथवर दोन दातेरी चाकं दाबून काढतात, जाळीच्या दोन रेघांमधल्या अंतराला पिच म्हणतात. गुळगुळीत स्टीलला साबणाचा हात लागला की सटकतो, खरखरीत असेल तर धरून ठेवतो.

पिंट्या म्हणाला, "हाय की."

"पायपावर काढलंय? पाईप बसला न्हाई?"

"आत मँड्रेल घातलावता. भरीव दांडा."

"पिच केवढा?"

"एक."

"हां. दीडचा घेतला असतास तर कातडं सोललं असतं म्हाताऱ्या माणसाचं." परत अंगठा फिरवला, बारच्या टोकाकडं नेला, आणि एकदम पिंट्याकडं मान वळवली. "हे तू न्हाई केल्यालं. तू वेल्डर हैस. हे कुणी केलंय?"

पिंट्या गप्प. आण्णा म्हणाले, "नर्लिंग जिथं संपतंय तिथं ग्रूव्ह घेतलीया. दोनी टोकाला. अशी ग्रूव्ह आजकाल कोण घेत न्हाई, कटाळा करत्यात. ही मी शिकीवल्याली हाय." मी बघितलं, खरंच जाळी संपते तिथं केसाएवढी बारीक खाच गोल फिरलेली होती. मला दाखवली नसती तर जन्मात दिसली नसती.

मग पिंट्यानं सांगितलं. त्यानं बार साधेच करायचं ठरवलं होतं, प्लेन पाईप, अर्गन वेल्डिंग, बफिंग आणि काम संपलं. फक्त फ्लँजला (बार भिंतीला टेकतो ती चकती) भोकं पाडायला म्हणून शेजारच्या शेडमध्ये गेला. त्या शेडचा मालक म्हणजे आण्णांच्या हाताखाली शिकलेला माणूस, गारगोटीकडनं सतराव्या वर्षी हेल्पर म्हणून आलेला, आता स्वतःच्या दोन मशिनी आहेत. त्यानं सहज विचारलं कुणाच्या घरचं काम, पिंट्यानं सांगितलं, तर म्हणाला, "आण्णांच्या हाताला गुळगुळीत पाईप देतोस व्हय रं? दे हिकडं." आणि हातातलं काम संपवून रात्री साडेआठला मशीन परत चालू केली.

आण्णा हे सगळं बाथरूमच्या दारात उभ्या उभ्या ऐकत होते, एका पायावर भार देऊन, बार धरून. मी बसायला सांगितलं तर हात वर केला, थांब म्हणून. मग म्हणाले, "त्याला सांग, ग्रूव्हची कोर मोडायला पायजे हुती. जरा पॉलिश पेपर मारायचा. बोट लागतंय." आणि आत गेले.

पिंट्या तिकडं भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मी पण.

त्या रात्री आण्णांनी दीड भाकरी खाल्ली. अळणी वाटीभर प्यायले. आणि गारगोटीवाल्याला फोन लावून दिला तर वीस मिनिटं त्याच्याशी बोलत होते, खुब्याचं एका वाक्यात संपवलं, बाकी सगळं फीड किती ठेवला, कूलंट काय वापरलंस, तुझी ती जुनी मशीन अजून आवाज करते का. आई मला म्हणाली, "बघ, आला माणूस."

मला उद्यमनगराबद्दल नेहमीच अभिमान वाटत आला, पण तो आण्णांच्या गोष्टींमधला होता. तुटलेला पार्ट नेऊन दाखवा, तसाच नवा करून देतील, कागदावर ड्रॉइंग लागत नाही. उसाच्या गुऱ्हाळाला लागणारं, विहिरीवरच्या इंजिनाला लागणारं, सगळं इथं झालं. आण्णा सांगायचे की ह्याच गावात शंभर वर्षांपूर्वी बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, बाहेरचा मिळाला नाही म्हणून रडत बसले नाहीत. लहानपणी हे ऐकून ऐकून मला कंटाळा यायचा. आता त्याच गावातल्या त्याच वाटेनं माझ्या घरात दोन बार आले तेव्हा मला ते सगळं पहिल्यांदा हाताला लागलं.

नंतर आठवड्यानं मास्तरिणीनं मला तिचा मोबाईल दाखवला. सोमवारी रात्रीच त्यांनी मला सोडून तिघांचा एक ग्रुप काढला होता. त्याचं नाव "किल्ली". मी तो वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात कुठंही बिचारी, वाईट वाटतं, असलं एक अक्षर नाही. आहे ते असलं:

पिंट्या: भिंत मातीची हाय, फासनर चालणार न्हाई, आरपार टाकाय लागतंय.

मास्तरीण: ३०४ चं स्टील घे, २०२ स्वस्त असतं पण ओल्यात गंजतं, आमच्या शाळेच्या टाकीला झालंय.

पिंट्या: मला सांगतीस व्हय.

मास्तरीण: सांगते. पैसे मी देणार आहे ना पाईपचे.

पाटलीण: मनगट फरशीपासून गाठीएवढं. ओढणी पिंट्याकडं दिली. मोजून परत आण, नवी हाय.

पिंट्या: साडेबत्तीस इंच.

पाटलीण: भिंत आणि पायपात अंतर किती ठेवतोस? हात आत अडकून मोडाय नको.

पिंट्या: दीड. मूठ बसती, कोपर घुसत न्हाई.

मास्तरीण: तिला कुणी काही विचारू नका. तिचं डोकं भरलंय.

हे शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं माहीत नाही. मास्तरिणीला मी कधी सांगितलं नव्हतं की मला विचारलेलं झेपत नाहीये. त्या आठवड्यात मला प्रत्येकजण काहीतरी विचारत होता. हॉस्पिटल विचारत होतं सही कोण करणार, पॉलिसीवाले विचारत होते जुने रिपोर्ट कुठं आहेत, ऑफिस विचारत होतं कधी येणार, आई विचारत होती ते बरे होतील ना. ह्या तिघांनी मला फक्त दोन गोष्टी विचारल्या, कुठला पाय आणि भिंत कुठल्या हाताला. बाकी सगळं स्वतः बघून घेतलं.

पैशाचं विचारलं तर पिंट्या चिडला. खरंच चिडला, आवाज चढवून म्हणाला, "भेट हाय ही. भेटीचं बिल असतंय व्हय?" त्या आठवड्यात त्याच्याकडं एका बंगल्याच्या गेटचं काम अडकलेलं होतं, ते त्यानं मागं ठेवलं, त्याचं ऐकून पण घेतलं असणार त्यानं. हे मला त्याच्या बायकोकडनं कळलं, त्याच्याकडनं नाही. मी पैसे दिले नाहीत. द्यायचे नाहीत हे मला कळलं. घरी नेऊन फक्त आईनं केलेले बेसनाचे लाडू दिले, तर डबा परत देताना त्याच्या बायकोनं त्यात शेंगांची चटणी भरून दिली, रिकामा डबा द्यायचा नाही म्हणून.

मला आयुष्यात बऱ्याच भेटी मिळाल्या, साड्या, घड्याळं, एकदा सोन्याची नथ पण. त्या सगळ्या मला बघून घेतलेल्या होत्या, छान होत्या. ही भेट माझ्यासाठी आहे का आण्णांसाठी हे सुद्धा मला अजून ठरवता येत नाही. रात्री दोन-अडीचला आण्णा उठले की आधी मला बार धरल्याचा आवाज येतो, अंगठीचा बारीक टक्क असा. तो आवाज आला की माझ्या जिवात जीव येतो.

आत्ता दुपारी अजून एक झालं ते सांगून थांबते. शेजारच्या काकू आण्णांना बघायला आल्या होत्या, त्यांचं वय ८१, बाथरूमला जायची भीती वाटते म्हणाल्या, रात्री पाणीच पीत नाहीत त्या भीतीनं. आण्णांनी ऐकून घेतलं. त्या गेल्यावर मला म्हणाले, पेन्सिल दे आणि कागद दे. कागद सापडेना म्हणून मी एक्स-रेचं मोठं पाकीट दिलं. त्याच्या पाठीवर त्यांनी पट्टी न घेता ड्रॉइंग काढलं. हात थरथरतो आता, रेघ सरळ येत नाही, पण मापं सगळी. पाईप सव्वा इंच, नर्लिंग पिच १, लांबी १८ इंच, भिंतीपासून दीड. टोकाला ग्रूव्हची खूण, बाण काढून लिहिलं, "कोर मोडणे". खाली लिहिलं, नग २. काकूंचं मनगट मोजून उंची नंतर कळवतो असं पण लिहिलं.

पिंट्याला फोटो पाठव म्हणाले. पाठवला. लगेच उत्तर आलं, "आण्णांना विचार, ग्रूव्ह किती खोल घ्यायची?"

विचारायला गेले तर पाकीट छातीवर धरून झोपले होते, पेन्सिल कानावर तशीच.